जुना कोठा मोडण्याआधी

आपण वऱ्हाडातले शेतकरी. उत्तरेला गाविलगडचा डोंगर. डोंगराच्या माथ्यावर चिखलदरा. खाली परतवाडा, अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर. काळी जमीन आणि कपाशीची शेती. या मुलखात जुने वाडे आहेत, जुने गोठे आहेत, धान्याची जुनी कोठारे आहेत. गुरांच्या गोठ्याला आपण कोठा म्हणतो. काही कोठ्यांचे खांब कोरलेले आहेत. काहींच्या दारावर वेल आहे, फुले आहेत, राघू आहेत.

आता दिवस बदलले. बैलांची कामे ट्रॅक्टर करतो. धान्य पोत्यात भरून थेट बाजारात जाते. कोठे रिकामे पडले आहेत. कोणी तिथे दुकान काढतो. कोणी पिठाची गिरणी बसवतो. चिखलदऱ्याला पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पाहुणे येतात, म्हणून तिकडे कोणी जुन्या घरात राहण्याच्या खोल्या करतो. यात वाईट काही नाही. रिकामी इमारत पडून जाते. वापरातली इमारत टिकते.

पण बदल करण्याआधी एक काम करायचे असते. ते काम कोणते, कशासाठी आणि कसे करायचे, ते या धड्यात वाचू.

१. काका आणि पुतण्या

एका गावात काका आणि पुतण्या ओसरीवर बसले होते. त्यांचे बोलणे ऐका.

पुतण्या : काका, आपला कोठा आता मोकळाच पडला. बैल तर विकले. तिथं किराण्याचं दुकान काढावं म्हणतो.

काका : काढ ना बाप्पा! मी कायले नाही म्हणू? पण मोडायच्या अगोदर मले एक सांग. कोठ्याले खांब किती?

पुतण्या : असतील आठ-दहा.

काका : असतील नको. मोजून सांग.

पुतण्या : ते काय आठवते?

काका : बरं, दारावरच्या पट्टीवर काय कोरलं हाय?

पुतण्या : मोर हायेत.

काका : मोर नाही, राघू हायेत. दोन राघू आणि मधात आंब्याची कैरी. जन्मापासून त्या दाराखालून जाऊन रायला तू, अन् पाहिलं नाही!

पुतण्या : (हसून) खरं हाय काका. रोजचं म्हणून डोळ्याले दिसलं नाही.

काका : मग कोण्या सुतारानं कोरलं, ते माहीत हाय?

पुतण्या : नाही.

काका : मले माहीत हाय. माह्या आजोबानं सांगितलं होतं. पण मी आता पिकलं पान. मी गेलो का ते नावही गेलं. अन् तू कोठा मोडला का राघूही गेले. मग तुह्या लेकराले काय सांगशील?

पुतण्या गप्प बसला. मग म्हणाला, "काका, मी आता लिहाले शिकलो. तुमी सांगा, मी लिहितो."

हेच ते काम. मोडण्याआधी लिहून ठेवणे. याला नोंद करणे म्हणतात.

२. हे कोठे आले कुठून?

मेळघाटच्या जंगलात सागवान होते. ते लाकूड घाट उतरून खाली यायचे. परतवाडा हा लाकडाचा मोठा बाजार झाला. खालच्या सपाट मुलखात काळी माती खोल आहे. तिथे लाकडाची टंचाई होती. म्हणून डोंगरातले सागवान आणि सपाटीतली माती यांतून आपली घरे उभी राहिली.

1853 साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला मोठा भाव आला. त्याच सुमारास रेल्वे वऱ्हाडात शिरली. 1867 साली ती बडनेऱ्यावरून पुढे नागपूरला पोचली. कापूस बंडीत भरायचा, स्टेशनवर न्यायचा आणि पैसा घेऊन घरी यायचे. ज्यांच्या हाती पैसा राहिला त्यांनी वाडे बांधले, कोठे बांधले, धान्याची बळदे बांधली. सगळ्यांच्या हाती तो राहिला नाही. कुळे आणि मजूर राबले, आणि त्यांची घरे कुडाचीच राहिली. तीही गोष्ट नोंदीत आली पाहिजे.

डोंगरावर घरांची तऱ्हा वेगळी. कोरकू बांधवांच्या गावात घरे समोरासमोर दोन रांगांत असतात. मधे रुंद रस्ता असतो. भिंती बांबूच्या कुडाच्या. त्यांवर माती आणि शेण यांचे लिंपण. धान्य ठेवायला बांबूच्या लिंपलेल्या कणग्या. गवळी बांधवांची गुरे मोठी, म्हणून त्यांचे गोठेही मोठे. हे बांधकाम साधे दिसते. पण हात फिरवून लिंपलेली भिंत पाहा. त्या हातालाही कसब लागते.

३. जुन्या कोठ्यात शहाणपण काय आहे?

जुना कोठा नुसता शोभेचा नाही. त्यात हिशेब आहे.

खांबाखाली दगड असतो. त्याला तळखडा म्हणतात. लाकूड थेट जमिनीवर ठेवले तर ओल चढते आणि वाळवी लागते. दगड मधे आला की लाकूड कोरडे राहते.

खांबाच्या डोक्यावर आडवा हस्त असतो. हस्तावर तुळई टेकते. हस्त दोन्ही बाजूंना पुढे आलेला असतो. त्यामुळे तुळईला जास्त जागी आधार मिळतो आणि ती वाकत नाही. सुताराने या हस्तावरच फुले आणि वेली कोरल्या. म्हणजे जिथे काम जास्त, तिथेच शोभा जास्त.

लाकडे जोडताना एकाला खाच पाडतात आणि दुसऱ्याला जीभ ठेवतात. जीभ खाचेत बसते. अशा जोडाला खिळा लागत नाही. म्हणून जुन्या घराची लाकडे सुटी करून पुन्हा तशीच उभी करता येतात.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जमीन हलली की भिंत तडकते. लाकडाचा सांगाडा मात्र थोडा हलतो आणि तग धरतो. ओझे सांगाड्यावर असते, म्हणून एखादी भिंत पडली तरी घर उभे राहते.

वर धाबे असते. तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि सर्वांत वर माती. धाब्याला थोडा उतार देतात, म्हणजे पावसाचे पाणी पन्हाळीतून बाहेर पडते. मातीच्या जाड भिंती आणि मातीचे छत, म्हणून वैशाखातही आत गार वाटते. जनावराला असा गारवा लागतो.

घराच्या आत बळद असे. वरून धान्य ओतायचे आणि खालच्या भोकातून काढायचे. आधी आलेले धान्य आधी बाहेर निघे. बाहेर जमिनीत पेव असे. पेवातले धान्य बरेच दिवस टिकत असे.

हे सगळे कोणी शिकवले? कोणत्याही शाळेत शिकवले नाही. बापाने लेकाला आणि उस्तादाने पोराला हातात हात धरून शिकवले. पुस्तकात उतरले ते थोडे. म्हणून इमारत हेच त्या लोकांचे पुस्तक. कोठा मोडला तर पुस्तकाचे पान फाटले. आधी उतरून घेतले तर ते पान वाचले.

४. कोणाची नावे लिहायची?

चिखलदऱ्याला गाविलगडचा किल्ला आहे. त्याच्या दरवाजांवर दगडात कोरीव काम आहे. 1803 साली डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीने हा किल्ला जिंकला. हे पुस्तकात आहे. किल्ल्याची देखभाल सरकारचे पुरातत्त्व खाते करते. किल्ल्याची आठवण ठेवायला पुष्कळ लोक आहेत.

कोठ्याची आठवण ठेवायला कोण आहे? तुम्ही आणि मी.

वाड्याचे नाव सांगताना लोक मालकाचे नाव सांगतात. पाटलाचा वाडा, देशमुखाचा वाडा. पण खांब कोरला तो सुताराने. सुतार गावचा बलुतेदार. वर्षाला धान्य घ्यायचा आणि गावाची कामे करायचा. कडी, कोयंडा आणि साखळी घडवली ती लोहाराने. तळखडा घडवला तो पाथरवटाने. माती तुडवली ती मजुरांनी. दर सणाला भिंत सारवली ती बायांनी. कोठ्यात रात्री निजून बैलांना वैरण घातली ती सालदाराने. यांतल्या एकाचेही नाव दारावर कोरलेले नसते.

म्हणून नोंद करताना आधी हे विचारा : कोणी बांधले, कोणी राबले? गावातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून काही नावे आठवत असतील. ती नावे कागदावर आली तर टिकतील. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांची नावे आता तुम्ही लिहाल. अक्षर शिकल्याचा याहून चांगला उपयोग कोणता?

५. आपल्याकडे आणि दुसरीकडे

हा विचार नवा नाही. युरोपात स्वीडन नावाचा देश आहे. तिथे आर्टुर हाझेलियस नावाचे गृहस्थ होते. गिरण्या-कारखाने आले आणि जुनी शेतघरे पडू लागली, हे त्यांनी पाहिले. त्यांनी निरनिराळ्या भागांतली शेतघरे, कोठारे आणि गोठे विकत घेतले. ते सुटे करून राजधानीत आणले आणि पुन्हा उभे केले. 1891 साली ती जागा लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. तिचे नाव स्कान्सेन. ती आजही आहे.

इंग्लंडात जुन्या धान्यकोठाराचे राहते घर करायचे असेल तर परवानगी लागते. परवानगी देताना पुष्कळ वेळा अट घालतात. आधी मोजमाप घ्या, नकाशा काढा, छायाचित्रे काढा, ती नोंद जमा करा आणि मग बांधकाम सुरू करा. कोठार बदलते, पण त्याची नोंद राहते.

आपल्या पुण्यात दिनकर केळकर नावाचे सद्गृहस्थ होऊन गेले. ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी, कोरीव दारे आणि खिडक्या जमवल्या. मोठ्या लोकांची शस्त्रे तर सगळेच जमवतात. केळकरांनी घरातल्या रोजच्या वस्तू जमवल्या. त्यांचे संग्रहालय आज राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून प्रसिद्ध आहे. पुण्याला गेलात तर जरूर पाहा.

1961 साली आपल्या देशात जनगणना झाली. त्या वेळी माणसे तर मोजलीच, शिवाय निवडक खेड्यांची बारीक पाहणीही केली. घरे कशी आहेत, अवजारे कोणती, लोक काय खातात, हे लिहून ठेवले. म्हणून त्या गावांचे त्या काळचे रूप आज वाचता येते. जी गावे निवडली नाहीत त्यांचे काय? त्यांची नोंद त्यांच्याच लोकांनी करायची.

६. नोंद कशी करायची?

हे काम चार माणसे दोन दिवसांत करू शकतात. सामान थोडेच लागते : चौकटीची वही, पेन्सिल, मोजपट्टी, खडू आणि मोबाइल.

पहिली गोष्ट परवानगी. मालकाला विचारा. घरातल्या बायांना विचारा. देवघर, समाधी किंवा पूर्वजांची खूण असेल तर हात लावू नका. कोरकू बांधव मृतांच्या स्मरणासाठी सागाच्या फळीवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरतात. त्याला मुंडा म्हणतात. तो त्यांच्या श्रद्धेचा विषय आहे. त्यांनी हो म्हटल्याशिवाय त्याचे चित्रही काढू नका.

दुसरी गोष्ट जपून वागणे. पडक्या माळ्यावर चढू नका. अडगळीत साप-विंचू असतात, आधी काठीने ठोका. जुन्या पेवात कधीही उतरू नका. आत विषारी हवा साठलेली असते. माणूस उतरतो आणि बेशुद्ध होतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. पेवाची मोजणी वरूनच करा.

तिसरी गोष्ट नकाशा. वरून पाहिल्यासारखे चित्र काढा. वहीची एक चौकट म्हणजे एक फूट धरा. सूर्य उगवतो ती पूर्व, हे पाहून उत्तर दिशेला बाण काढा. भिंतींची लांबी, रुंदी आणि जाडी मोजा. दारे, खिडक्या, खांब आणि गव्हाण दाखवा. प्रत्येक खांबाला आकडा द्या : 1, 2, 3.

कोपरा काटकोनात आहे का, हे कसे ओळखाल? कोपऱ्यापासून एका भिंतीवर 9 फुटांवर खूण करा. दुसऱ्या भिंतीवर 12 फुटांवर खूण करा. दोन खुणांमधले तिरपे अंतर मोजा. ते बरोबर 15 फूट भरले तर कोपरा काटकोनात आहे. कमी-जास्त भरले तर कोपरा वाकडा आहे. वाकडा असेल तर वाकडाच काढा. नोंदीत सुधारणा करायची नसते. जसे आहे तसे लिहायचे असते.

चौथी गोष्ट छायाचित्र. आधी चारी बाजूंनी सगळी इमारत घ्या. मग आतून घ्या. मग दार, खांब, हस्त, कडी आणि कोनाडा एक-एक घ्या. नक्षीच्या समोर सरळ उभे राहा. शेजारी फूटपट्टी धरा, म्हणजे नक्षी केवढी आहे ते कळते. सकाळचे तिरपे ऊन नक्षीवर पडले की कोरीव काम स्पष्ट दिसते. प्रत्येक चित्राचा आकडा वहीत लिहा.

पाचवी गोष्ट ठसा. नक्षी फार खोल नसेल तर तिच्यावर पातळ कागद धरा. पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासा. नक्षी कागदावर उतरते. पोरांना हे काम फार आवडते. लाकूड किडलेले असेल किंवा त्यावर रंग असेल तर ठसा घेऊ नका.

सहावी गोष्ट विचारपूस. म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि हळूहळू विचारा. हे कोणी बांधले? लाकूड कुठून आले? कोणता बैल कुठे बांधत? या कोनाड्यात काय ठेवत? या भागाला काय म्हणतात? ते जो शब्द बोलतील तोच लिहा. तुम्हाला अशुद्ध वाटला तरी बदलू नका. शब्दही जुन्या खांबासारखाच असतो. तोही एकदा गेला की परत येत नाही.

सातवी गोष्ट प्रती. मोबाइल फुटतो, हरवतो, बंद पडतो. म्हणून चित्रे कागदावर छापून घ्या. वहीच्या तीन प्रती करा. एक घरी, एक शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात ठेवा. प्रत्येक पानावर तारीख लिहा.

७. नोंदीचा नमुना

पुतण्याने वहीत काय लिहिले, ते पाहा. हा नुसता नमुना आहे. तुमच्या कोठ्याची मापे वेगळी असतील.

"इमारत : गुरांचा कोठा. तोंड पूर्वेला. लांबी 36 फूट, रुंदी 18 फूट. भिंत मातीची, जाडी 2 फूट. छत धाब्याचे.

खांब : एकूण 10. साधे 6, कोरलेले 4. कोरलेले खांब दर्शनी बाजूला आहेत. खांब 3 ला वाळवी लागली आहे. सगळ्यांना दगडी तळखडे आहेत.

दार : सागवानी. वरच्या पट्टीवर दोन राघू, मधे कैरी. डाव्या राघूची चोच तुटलेली आहे.

गव्हाण : पश्चिमेच्या भिंतीला लागून, 8 बैलांची. कडेचे लाकूड बैलांच्या मानेने घासून गुळगुळीत झाले आहे.

काकांनी सांगितले : लाकूड मेळघाटातून बंडीने आणले. सुताराचे नाव काकांना आठवते, ते मागच्या पानावर लिहिले आहे. तीन सालदारांची नावेही तिथेच आहेत. बायजाबाई नावाची गाय दाराजवळ बांधत.

पुढे काय होणार : किराणा दुकान. दर्शनी भिंतीत मोठे दार पाडणार. खांब आणि राघूंची पट्टी जागेवर ठेवणार."

शेवटची ओळ पुन्हा वाचा. मोजणी करता करता पुतण्याचा बेत बदलला. आधी तो सगळा कोठा पाडणार होता. मोजल्यावर त्याला कळले की ओझे खांबांवर आहे, भिंतीवर नाही. मग भिंतीत दार पाडले तरी चालते आणि खांब मोडायची गरजच नाही. त्याचा खर्चही वाचला. नेहमीच असे होईल असे नाही. कधी इमारत पाडावीच लागते. पण नीट पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

८. दाराला गिऱ्हाईक आले तर?

जुन्या कोरीव दारांना शहरात मोल आले आहे. एखादा व्यापारी गाडी घेऊन येतो. म्हणतो, "हे किडलेले दार मला द्या, तुम्हाला नवे लोखंडी दार देतो." आपण खूश होतो. ते दार शहरात पुष्कळ जास्त दराने विकले जाते. त्यावर आपल्या गावाचे नाव राहत नाही, आणि सुताराचेही राहत नाही.

घर तुमचे, दार तुमचे. विकायचे की ठेवायचे, ते तुम्ही ठरवा. गरज पडली तर माणूस विकतो, त्यात लाज नाही. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, आधी नोंद करा. दोन, घाई करू नका, दोन-चार ठिकाणी किंमत विचारा. तीन, कायदा जाणून घ्या. 1972 साली पुराणवस्तूंबद्दल देशात कायदा झाला. शंभर वर्षांहून जुनी पुराणवस्तू खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाही. अशा वस्तूंचा व्यापार करायला सरकारी परवाना लागतो. व्यापारी आला तर परवाना पाहायला मागा. नोंदीची वही हाती असली की चोरी झाल्यावर पोलिसांना चित्र दाखवता येते. चित्र नसेल तर "एक जुने दार होते" एवढेच सांगता येते.

९. नवा वापर करताना

खांब कापू नका. एक खांब काढला तर वरची तुळई लोंबते. आधी जाणत्या सुताराला दाखवा.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देण्याआधी विचार करा. सिमेंट आतली ओल बाहेर येऊ देत नाही. भिंत आतून भिजून ढासळते. मातीला माती किंवा चुना बरा.

लाकडे सुटी करायची असतील तर प्रत्येक लाकडावर आकडा घाला आणि तोच आकडा नकाशावर लिहा. मग पुन्हा जोडताना घोळ होत नाही.

धान्याच्या कोठीत किंवा गोठ्यात माणसे राहणार असतील तर हवा आणि उजेड यांची सोय करा. विजेच्या तारा जुन्या लाकडावर उघड्या टाकू नका.

जुन्या वस्तूंपैकी एक तरी जागेवर ठेवा. गव्हाण, कडी किंवा बळदाचे तोंड. दुकानात गिऱ्हाईक येईल आणि विचारेल, "हे काय हो?" तुम्ही वही काढून दाखवाल.

पुतण्याचे दुकान सुरू झाले. दारावर राघू आहेत. आत भिंतीवर एक कागद लावला आहे. त्यावर कोठा बांधणाऱ्या सुताराचे नाव ठळक अक्षरांत लिहिले आहे. त्या सुताराचा पणतू त्याच गावात राहतो. तो साखर घ्यायला आला. त्याने कागद वाचला. मग पुन्हा एकदा वाचला. साखरेची पुडी तशीच ठेवून तो घरी गेला आणि आपल्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून घेऊन आला.

शब्दांचे अर्थ

तळखडा – खांबाखालचा दगड
हस्त – खांबावरचे आडवे लाकूड, ज्यावर तुळई टेकते
तुळई – छताचे ओझे घेणारे मोठे आडवे लाकूड
धाबे – मातीचे सपाट छत
बळद – घरात बांधलेली धान्याची कोठी
पेव – धान्य साठवण्याचा जमिनीतला खोल खड्डा
गव्हाण – गुरांना वैरण घालण्याची जागा
सालदार – वर्षाच्या कराराने शेतावर राहणारा गडी

प्रश्न

1. खांबाखाली दगड का ठेवतात?
2. 1861 नंतर वऱ्हाडच्या कापसाला भाव का आला?
3. जुन्या पेवात का उतरू नये?
4. कोपरा काटकोनात आहे, हे कसे ओळखाल?
5. मोजणी केल्यावर पुतण्याचा बेत का बदलला?
6. नोंदीत कोणाकोणाची नावे लिहावीत? का?

करून पाहा

तुमच्या गावातली एक जुनी इमारत निवडा. कोठा, बळद, वाडा किंवा कुडाचे घर चालेल. मालकाची परवानगी घ्या. तिचा नकाशा वहीत काढा. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला तिच्याबद्दल तीन प्रश्न विचारा. तिची उत्तरे तिच्याच शब्दांत लिहा आणि पुढच्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवा.